डॉल्फिनरावांचा चेहरा

डॉल्फिनरावांचा चेहरा रंगीत छापून आला, त्याच दिवशी त्यांच्या बायकोने नोकरी सोडायचं ठरवलं. दोन्ही बातम्या एकाच चहाच्या वेळी, एकाच स्वयंपाकघरात समोरासमोर आल्या आणि पहिलीला तोंड उघडायला जागाच मिळाली नाही.

वास्तविक डॉल्फिनराव जिना चढले तेच छाती पुढे काढून. बगलेत मासिकांचा गठ्ठा होता. बायकोला आधी डोळे मिटायला सांगायचं, अंक तिच्या नाकासमोर धरायचा, मग तिने डोळे उघडायचे आणि ते भरून यायचे, असा सगळा कार्यक्रम पहिल्या मजल्यापर्यंत ठरला होता. दुसऱ्या मजल्यापर्यंत तिच्या तोंडी घालायची दोन वाक्यंही तयार झाली होती.

आत बाई टेबलाशी बसल्या होत्या. बाई म्हणजे त्यांची बायकोच. औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभं राहून तिचं निम्मं आयुष्य गेलं. सगळा रस्ता तिला बाई म्हणतो, आणि ते नाव घरातही येऊन चिकटलं. भांड्यांचं कपाट सताड उघडं होतं आणि त्यातल्या कपबश्या, ताटं, वाडगे सगळं टेबलावर मांडून ठेवलं होतं.

"अहो, मी आज मालकांना सांगून टाकलं," बाई म्हणाल्या. "महिनाअखेरपर्यंत दुसरं माणूस बघा म्हणून."

"का? वाजलं की काय काही?"

"वाजायचंय कशाला? मला विसरायला होतंय."

डॉल्फिनराव मोठ्याने हसले. त्यात त्यांची चूक नव्हती. कोणत्या गिऱ्हाइकाला कोणत्या गोळीने अंगावर पुरळ उठतं, कोणाच्या आजोबांना अख्खी गोळी द्यायची नाही, कोणती आजी औषध घेते म्हणते आणि मोरीत ओतते, हे सगळं बाईंच्या डोक्यात होतं. डॉल्फिनराव त्यांना पहिल्यांदा भेटायला गेले तेव्हा सदऱ्याचं वरून कितवं बटण तुटलेलं होतं हेही त्या सांगत, आणि नेमकं चारचौघांत सांगत. असल्या बाईला विसरायला होतं म्हणजे कमालच झाली.

"हसू नका. हे बघा." बाईंनी एकेका चळतीवर बोट ठेवलं. "आत्यांनी दिलेला सेट. बशी एक कमी. लाल फुलांची ताटं, एक कमी. सोनेरी काठाचे कप, एक कमी. मिठाच्या बरणीला झाकण नाही. चोर आला असता तर सगळंच घेऊन गेला असता ना? आणि फुटलं असतं तर आवाज आला असता, तुकडे दिसले असते. प्रत्येकातलं एकेक जातंय. म्हणजे मीच फोडते, मीच केरात टाकते, आणि मलाच आठवत नाही."

"अगं, एका बशीचं काय घेऊन बसलीस..."

"बशीचं नाही हो." बाईंचा आवाज एकदम बारीक झाला. "उद्या मी कोणाला रक्तदाबाची म्हणून भलतीच गोळी दिली तर? बशी गेली तर दुसरी आणता येते."

डॉल्फिनरावांनी नजर खाली वळवली. खाली, गठ्ठ्यातल्या वरच्या अंकावरून, त्यांचाच चेहरा त्यांच्याकडे बघत होता. उजवा गाल आत्यांच्या बशीचा होता. ओठ लाल फुलांचे होते. आणि नाक, ते कसंही वळवून पाहिलं तरी, मिठाच्या बरणीचं झाकण होतं.

त्यांनी गठ्ठा हळूच पाठीमागे नेला. "चहा झाला का?" एवढंच ते म्हणाले.

आता हे कसं घडलं ते सांगायला हवं. डॉल्फिनराव हे काही त्यांचं नाव नव्हे. पोहण्याच्या तलावांत आणि हॉटेलांच्या न्हाणीघरांत काचेचे, चिनीमातीचे तुकडे बसवून चित्रं करायची हा त्यांचा धंदा, आणि आयुष्यभर गिऱ्हाइकांनी त्यांच्याकडे एकच चित्र मागितलं: उडी मारणारा डॉल्फिन. त्यांनी घोडा सुचवून पाहिला, पक्षी सुचवून पाहिले, एकदा तर धीर करून पुस्तक वाचणारी बाई सुचवली. गिऱ्हाईक मान डोलवायचं, वा वा म्हणायचं, आणि शेवटी डॉल्फिनच करा म्हणायचं. जिवंत डॉल्फिन त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. त्यांच्या चित्रांसमोर उभं राहून लोक दात घासत. सही करायची म्हटलं तर त्या कोपऱ्यात नेमका नळ येई.

अशा माणसाला घरसजावटीच्या मासिकाच्या संपादकबाईंचा फोन आला. वार्षिक अंकाच्या मुखपृष्ठावर त्यांना एका कारागिराचा चेहरा हवा होता, त्याने स्वतःच, स्वतःच्या कलेत केलेला. खाली नाव छापू म्हणाल्या. डॉल्फिनरावांनी विचार करून सांगतो म्हटलं आणि फोन ठेवायच्या आत हो म्हणून टाकलं.

कामाला बसल्यावर पंचाईत कळली. त्यांच्या कारखान्यात निळा रंग मुबलक होता. फिका निळा, गडद निळा, हिरवट निळा, पाण्याचा निळा, आभाळाचा निळा, सगळे डबे भरून. माणसाच्या कातडीच्या रंगाचा तुकडा औषधालाही नव्हता. आयुष्यभर तलाव केले की हेच होणार. त्यांनी आहे त्यात एक चेहरा करून पाहिला. तो बुडालेल्या माणसाचा दिसायला लागला. दुकानांत विचारलं, तर तिथे बदामी म्हणून जे होतं ते फरशीसाठी ठीक होतं, आपल्या गालाला कोणी लावणार नाही.

मग एका सकाळी चहा पिताना त्यांचं लक्ष बशीकडे गेलं. वर्षानुवर्षं धुऊन तिच्या पांढऱ्यावर एक पिवळसर तांबूस झाक चढली होती. त्यांनी आरशासमोर जाऊन ती गालाला लावली. हुबेहूब! एकच घेऊ, ते मनाशी म्हणाले, आणि बशी पिशवीत गेली. कारखान्यात पकडीने तिचे बारीक तुकडे पडले तेव्हा त्यांना क्षणभर वाईट वाटलं. गाल उमटायला लागल्यावर वाटेनासं झालं.

गाल झाल्यावर ओठ नकोत का? ओठ झाल्यावर चष्म्याच्या काठाला चमक नको का? आणि नाक करताना तर त्यांच्या अक्षरशः नाकी नऊ आले. डॉल्फिनराव चोर झाले, पण शिस्तीचे चोर झाले. एका सेटातून एकच वस्तू घ्यायची, तीही चळतीच्या तळातून, हा त्यांचा नियम. एवढ्याने कोणाच्या काही लक्षात येत नाही, असं त्यांना मनापासून वाटत होतं. डोक्यावर केस मात्र त्यांनी सढळ हाताने घातले. काळी फुलदाणी अख्खी गेली, आणि वीस वर्षांपूर्वी त्यांना सोडून गेलेला सगळा भांग परत आला.

पकडलं जायची भीती त्यांना वाटली नाही त्यालाही कारण होतं. तलावातलं चित्र माणूस काठावर उभा राहून बघतो. तेवढ्या अंतरावरून तुकडे एकमेकांत मिसळतात आणि डॉल्फिन दिसतो. बशी, फूल, सोनेरी काठ काही दिसत नाही. सगळं आयुष्य त्यांनी याच हिशोबाने काम केलेलं. चेहराही त्यांनी कारखान्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन, डोळे बारीक करून तपासला होता. मासिक कोणी दुसऱ्या टोकाला ठेवून वाचत नाही, ते हातात धरून वाचतात, एवढी साधी गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नाही. त्यात छायाचित्रकार पडला हौशी. त्याने बाजूने दिवे लावून तुकड्या-तुकड्याची कड उजळून काढली होती. तुमचा एकेक तुकडा बोलतो, असं संपादकबाई फोनवर म्हणाल्या होत्या. बोलत होता खरा.

तर त्या संध्याकाळी डॉल्फिनरावांनी गठ्ठा पलंगाखालच्या बॅगेत ढकलला आणि मूग गिळून बसले. ज्या माणसाला जगभर आपलं तोंड दाखवायचं होतं, तो आता ते घरच्याच माणसापासून लपवत होता. सांगावंसं त्यांना वाटत नव्हतं असं नाही. पण बायकोच्या सगळ्या आवडत्या भांड्यांचं आपण आपलं नाक केलं, हे सांगायला सुरुवात कुठून करायची? शिवाय बाई रागावल्या की ओरडत नसत, बारीकसारीक प्रश्न विचारत. त्या प्रश्नांची डॉल्फिनरावांना तरुणपणापासून धास्ती होती.

दुसऱ्या दिवशी बाई दुकानातून आल्या त्या गप्प गप्पच. मालकांनी नव्या मुलीला बोलावलं होतं आणि बाई तिला कपाटं समजावून देत होत्या. "पोरगी हुशार आहे," त्या म्हणाल्या, "पण चिठ्ठी वाचताना गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघत नाही. तोंडाकडे बघायला हवं. मी सांगितलं तिला. मग म्हटलं, आपण कोण सांगणारे." आणि उठून भांडी मोजायला लागल्या. हे आता रोजचंच झालं होतं.

डॉल्फिनरावांना ते बघवेना. त्यांनी ठरवलं, यावर काहीतरी केलं पाहिजे. आणि काय केलं? खरं सांगून मोकळं व्हायचं सोडून ते जुन्या वस्तूंच्या बाजारात गेले. दिवसभर धूळ खाऊन, दुकानदारांशी हुज्जत घालून त्यांनी आत्यांच्या सेटासारखी, तसलाच काठ, तसलीच झाक असलेली एक बशी शोधून काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती घासून-पुसून गुपचूप चळतीच्या तळाशी सरकवली आणि शीळ घालत अंघोळीला गेले. एक बशी जुळली. आता कपाचं बघू.

अंघोळ करून बाहेर येतात तो बाई स्वयंपाकघरात भिंतीला टेकून उभ्या. तोंड पांढरंफटक पडलेलं. हातात ती बशी.

"सापडली वाटतं?" डॉल्फिनराव शक्य तितक्या सहज म्हणाले. "बघ, मी म्हणत नव्हतो?"

"काल नव्हती," बाई म्हणाल्या. "परवा नव्हती. मी रोज मोजते. एकेक बाजूला काढून मोजते. आज आहे." त्यांनी बशी पालथी करून पाहिली. "म्हणजे मला मोजतासुद्धा येत नाही आता. अहो, महिनाअखेरपर्यंत थांबायलाच नको. मी आजपासूनच जात नाही. आणि मला कुठल्यातरी डॉक्टरकडे न्या हो."

बाई कधी कोणाला मला न्या असं म्हणत नसत. आजवर सगळ्यांना त्याच नेत आल्या होत्या. मुखपृष्ठ, संपादकबाई, खाली छापलेलं नाव, सगळं डॉल्फिनरावांना एकदम फालतू वाटायला लागलं. ते ओल्या पायांनीच आत गेले, पलंगाखालून बॅग ओढली आणि एक अंक आणून टेबलावर ठेवला.

"तुला काही झालेलं नाही," ते म्हणाले. "हे बघ. जवळून बघ."

बाईंनी चष्मा लावला. मग खणातून भिंग काढलं, औषधांच्या खोक्यांवरची बारीक अक्षरं वाचायचं. मुखपृष्ठावर वाकल्या. डॉल्फिनराव टॉवेल घट्ट धरून उभे होते.

"ही बशी," बाई म्हणाल्या. बोट गालावर होतं.

"हो."

"खरी आत्यांची. आत्ता कपाटात आहे ती कुठली?"

"बाजारातली."

"तरीच. तिचा काठ जाड लागला हाताला." बोट खाली सरकलं. "हे ताटाचं फूल. ही पाकळी नाही का जरा फिकी? लिंबाचा डाग काढताना रंग गेलेला. दोन दिवस घासत होते मी. हा सोनेरी काठ, तो कान जोडलेला कप. त्याचा कान कुठे आहे? हा काय, भुवईत घातलाय! आणि केस... अगं बाई, फुलदाणी! फुलदाणी गेलेली तर माझ्या लक्षातही आली नव्हती."

"तू तिच्यात कधी फुलं ठेवत नव्हतीस," डॉल्फिनराव घाईने म्हणाले. "म्हणून मी..."

"तुम्ही गप्प बसा."

बोट आता भराभर फिरत होतं. हनुवटी म्हणजे सूपचा वाडगा, तो कोणत्या दुकानातून आणला, घेताना कोण सोबत होतं. डोळ्यांचं पांढरं म्हणजे साखरेचं भांडं, त्याची बुडाशी चीर होती ती इथे बुबुळाशेजारी अजून दिसतेय. बाईंचा आवाज चढत गेला, गाल लाल झाले, आणि डॉल्फिनरावांना नवल वाटलं की हा राग दिसत नाहीये. बाईंना आनंद झाला होता. आपलं सगळं आपल्याला आठवतंय याचा आनंद. दुकानात पाच-सहा चिठ्ठ्या एकदम आल्या की त्यांचा चेहरा असाच दिसे.

कानाच्या पाळीपाशी बोट थांबलं.

तिथे एक लहानसा राखी हिरवा तुकडा होता. बाईंनी भिंग जवळ नेलं, लांब नेलं. ओठ पुटपुटले. गालांवरचा सगळा रंग पुन्हा उतरायला लागला.

"हा कुठला?" त्या हळूच म्हणाल्या. "हा मला आठवत नाही."

डॉल्फिनरावांनी वाकून पाहिलं आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. "तो आपला नाहीच. तो तलावातला उरलेला. एवढा एकच माझ्या डब्यातला आहे. सावली पाहिजे होती."

"नक्की?"

"नक्की. शपथ घेऊन सांगतो."

बाईंनी खुर्चीला पाठ टेकली. "मग बरोबर," त्या म्हणाल्या. "तो घरातला वाटतच नव्हता." आणि चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले. डॉल्फिनरावांनी ठरवलेल्या कार्यक्रमात डोळे भरून येणं होतं, पण ते या कारणासाठी नव्हतं.

मग प्रश्न सुरू झाले. राग नुसता दारापर्यंत जाऊन परत आला होता.

"मी रोज कपाटापाशी उभी राहायचे ते दिसत होतं तुम्हाला?"

"दिसत होतं."

"काय वाटायचं?"

"काही नाही. मी तेव्हा नाकाच्या विचारात होतो."

"मी तिथे उभी राहून रडलेली आहे. ते दिसलं का?"

"नाही," डॉल्फिनराव म्हणाले. "खरंच नाही दिसलं. दिसलं असतं तर..." त्यांनी टॉवेलची गाठ आवळली. "चुकलं माझं," ते म्हणाले. "फार चुकलं. मला वाटलं एकेक घेतलं तर कोणाला कळणार नाही."

"एकेक घेतलंत म्हणूनच तर हे झालं. सगळा सेट उचलला असता तर मी पोलिसात गेले असते आणि सुखाने झोपले असते."

डॉल्फिनराव उभेच होते. बसा असं कोणी म्हणालं नव्हतं आणि आपणहून बसावं असं त्यांना वाटलं नाही. बाईंनी अंक उचलला, हात लांब केला आणि तो चेहरा पहिल्यांदाच चेहरा म्हणून पाहिला. बराच वेळ पाहिला.

"झालाय छान," त्या म्हणाल्या. "केस सोडले तर अगदी तुम्ही. पण मला एक सांगा. गाल आत्यांचा. ओठ माझ्या ताटाचे. नाक मिठाच्या बरणीचं. यात तुमचं असं काय आहे?"

डॉल्फिनरावांनी प्रामाणिकपणे विचार केला. "मधलं सिमेंट," ते म्हणाले.

"ते कुठे दिसतंय?"

"दिसू नये असंच भरायचं असतं ते."

बाईंना हसू फुटलं. त्यांनी ते दाबून पाहिलं, पण ते खांद्यांतून बाहेर आलं. तेवढ्याने माफी झाली असं डॉल्फिनरावांनी धरून चालू नये, म्हणून त्या लगेच उठल्या आणि फोनकडे गेल्या.

"मालक? मी बोलतेय. मी सोडणार म्हटलं ते राहू द्या. मी येते, अर्ध्या तासात पोचते... नाही, नाही, डोकं अगदी ठिकाणावर आहे. घरात चोर होता... हो ना, आजच सापडला. ओळखीचाच निघाला." बाईंनी एकदा मागे वळून डॉल्फिनरावांकडे बघितलं. ते अजून टॉवेलमध्येच होते. "दिसायला? दिसायला काय, फोटोच आहे माझ्याकडे. छापून आलाय, रंगीत. येताना आणते. काउंटरवरच लावू, येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना दिसेल असा."

डॉल्फिनराव दोन पावलं पुढे आले, घसा खाकरला आणि शक्य तितक्या लीनपणे म्हणाले, "अगं, चिकटपट्टी लावताना खालचं नाव तेवढं झाकू नकोस."